अंगणाएवढा सर्व्हर

मुलांच्या खेळाचा विषय निघाला की मोठी माणसं दोन प्रश्न हमखास विचारतात: कोणता खेळ, आणि किती वेळ? तिसरा प्रश्न बहुतेकदा राहून जातो. तो खेळ चाललाय कुठे? लगोरी, आट्यापाट्या, सूरपारंब्या यांच्या बाबतीत हे विचारायची वेळच येत नसे. वाड्याचं अंगण, चाळीचा चौक, सोसायटीचं पार्किंग, जागा कळली की बाकीचं कळायचं. तिथे कोण येणार, कोणाच्या खिडकीतून लक्ष राहणार, भांडण झालं तर तक्रार कोणाच्या दारात जाणार, हे जागेनंच ठरवलेलं असे. मोबाइलवरच्या खेळालाही अशी जागा असते, फक्त ती दिसत नाही. पाच मुलं पाच घरांत बसून एकच किल्ला बांधत असतात, तेव्हा तो किल्ला त्या पाचांपैकी कोणाच्याच मोबाइलमध्ये नसतो. तो एका सहाव्या संगणकावर असतो. त्याला सर्व्हर म्हणतात. हा सहावा संगणक बहुधा कुठल्या तरी दूरच्या कंपनीच्या इमारतीत असतो आणि त्याच्या दारातून कोणी आत यायचं हे ती कंपनी ठरवते. तो संगणक घरी आणता येतो, पत्त्यांच्या कॅटएवढ्या आकारात आणता येतो. आणि त्याची ताकद कमी असणं ही नाइलाजानं पत्करायची गोष्ट नसून तो निवडण्याचं मुख्य कारण आहे, असं मला या प्रकरणात मांडायचं आहे.

असा संगणक म्हणजे उदाहरणार्थ रास्पबेरी पाय. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी तो विक्रीला आला तेव्हा त्याच्या मुख्य मॉडेलची किंमत होती ३५ डॉलर. केंब्रिज विद्यापीठात संगणकशास्त्र शिकायला येणाऱ्या अर्जदारांची संख्या आणि तयारी दोन्ही घसरत चालल्याचं एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं होतं. घरातला संगणक उघडून बघावा, मोडून पुन्हा जोडावा अशी वस्तू उरली नव्हती. म्हणून मुलांच्या हातात देता येईल, बिघडला तर जीव हळहळणार नाही, असा संगणक त्यांनी बनवला. सुमारे साडेआठ सेंटिमीटर लांब आणि साडेपाच सेंटिमीटर रुंद अशी ती एक उघडी पाटी आहे. पडदा, कीबोर्ड काही नाही. २०१९ साली आलेल्या चौथ्या आणि २०२३ च्या पाचव्या आवृत्तीत तर घरगुती खेळाचा सर्व्हर चालवण्याइतकं बळ नक्कीच आहे. किंमत मेमरीप्रमाणे बदलते आणि अलीकडे ती स्वस्त राहिलेली नाही हे खरं. पण पडदा फुटलेला जुना लॅपटॉपही हेच काम करतो. त्याची बॅटरी थोडीफार जिवंत असेल तर वीज गेल्यावर तीच त्याचा इन्व्हर्टर होते.

इतकी छोटी पाटी अख्खं जग कसं पेलते, हे समजून घ्यायला हवं, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. खेळात डोळ्यांना दिसतं ते, म्हणजे डोंगर, पाणी, सावल्या, पळणारी मेंढरं, यातलं काहीही सर्व्हर रंगवत नाही. ते काम ज्याच्या त्याच्या मोबाइलचं किंवा लॅपटॉपचं. सर्व्हर फक्त वही ठेवतो: कोण कुठे उभा आहे, कोणी कोणता ठोकळा काढला, कोणाच्या पिशवीत काय आहे. सामन्यात गुणलेखक असतो तसा. लुआन्ती या मुक्त खेळप्रणालीचं उदाहरण घेऊ. फिनलंडच्या पेर्तु अहोला यांनी २०१० साली ती ‘माइनटेस्ट’ या नावानं सुरू केली. २०२४ मध्ये तिचं नाव बदललं. फिनिश भाषेतला ‘निर्मिती’ या अर्थाचा शब्द आणि ‘लुआ’ ही तिची प्रोग्रॅमिंगची भाषा यांची ती जोडणी आहे. लुआन्तीतलं जग ठोकळ्यांचं असतं आणि १६ लांब, १६ रुंद, १६ उंच अशा ४,०९६ ठोकळ्यांच्या गठ्ठ्यांनी ते पाठवलं जातं. सर्व्हर दर ०.०९ सेकंदाला, म्हणजे सेकंदात साधारण अकरा वेळा, वही अद्ययावत करतो. माइनक्राफ्टमध्ये हाच ठोका सेकंदाला २० वेळा पडतो. म्हणजे एका ठोक्याचं सगळं काम ५० मिलिसेकंदांत उरकावं लागतं. ते उरकलं नाही की मुलांच्या भाषेत खेळ ‘लॅग’ होतो: फोडलेला ठोकळा क्षणभरानं परत उगवतो, दार उघडतं आणि पुन्हा मिटलेलं दिसतं.

लुआन्तीच्या जगाची एक बाजू सुमारे ६२ हजार ठोकळ्यांची. एक ठोकळा एक मीटर धरला तर हे जवळजवळ पुणे ते लोणावळा अंतर झालं. एवढं जग त्या पाटीवर मावतं कसं? ते आधी अस्तित्वातच नसतं. मूल जिथवर चालत जाईल तिथवरची जमीन त्या वेळी घडवली जाते आणि मग वहीत नोंदली जाते. लहान संगणकाला दमवणारी गोष्ट म्हणजे ही घडाई. पाच मुलं एका गावात घरं बांधत बसली तर पाटी निवांत असते. एखाद्याला उडण्याची परवानगी मिळाली आणि तो भरधाव अनोळखी प्रदेशात निघाला की त्याच्यापुढे डोंगर-दऱ्या रचता रचता तिला घाम फुटतो. त्यावर उपायही तितकाच साधा. जगाला कुंपण घालायची सोय लुआन्तीत आहे. बाजू हजार-दोन हजार ठोकळ्यांची ठेवली तरी आठ-दहा मुलांना ती कित्येक महिने पुरते. विजेचा हिशेब तर आणखी सोपा. ५ वॉट धरले तर वर्षभर अखंड चालूनही ४४ युनिट होतात, म्हणजे नेहमीच्या ९ वॉटच्या एलईडी दिव्यापेक्षा कमी. टेबलावरचा जुना संगणक ६० वॉट खात असेल तर तोच आकडा ५२५ युनिटवर जातो. युनिटला १० रुपये धरले तर एकीकडे ४४० रुपये आणि दुसरीकडे सव्वापाच हजार.

आता मुख्य मुद्दा. या पाटीवर दहाच्या आत मुलं सुखानं खेळतात, शंभर खेळू शकत नाहीत. उणीव वाटणाऱ्या या गोष्टीतच मुलांची सुरक्षितता आहे. मोठ्या व्यापारी खेळांचा सर्व्हर लाखो खेळाडूंसाठी बांधलेला असतो. तिथे मुलाशेजारी कोण उभं आहे हे मुलाला, पालकांना आणि बहुधा कंपनीलाही ठाऊक नसतं. मग अनोळखी माणसापासून बचाव करायला यंत्रणा उभाराव्या लागतात: शब्दांच्या चाळण्या, तक्रारीचं बटण, वयाची पडताळणी, पगारी देखरेख. आणि या यंत्रणांची सुरुवातीची रचना कुणाच्या सोयीची असते हेही बघावं लागतं. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं ‘फोर्टनाइट’ची निर्माती कंपनी एपिक गेम्सबरोबरची तडजोड जाहीर केली. रक्कम होती एकूण ५२ कोटी डॉलर आणि त्यातले साडेसत्तावीस कोटी मुलांच्या खासगीपणाच्या कायद्याच्या उल्लंघनापोटी. आयोगाचा एक आरोप असा होता, की मुलांसाठीही बोलण्याची आणि लिहून गप्पा मारण्याची सोय आपोआप चालू ठेवलेली होती आणि त्यातून मुलं अनोळखी लोकांच्या संपर्कात येत होती. बंद करायचं तर शोधून बंद करा. घरच्या सर्व्हरवर नेमकी उलट स्थिती असते. सुरुवातीला आत कोणीच नसतं आणि एकेक नाव आपण हातानं लिहितो.

गर्दीला सुरक्षित करायचा प्रामाणिक प्रयत्नही कुठे जाऊन थांबतो, याचा दाखला ‘क्लब पेंग्विन’ देतो. कॅनडात २००५ साली सुरू झालेला हा मुलांचा खेळ डिस्नेनं २००७ मध्ये ३५ कोटी डॉलरना घेतला. लहान मुलं डोळ्यांसमोर ठेवूनच तो रचला होता आणि देखरेखीवर त्यानं खर्चही केला. त्याची सर्वांत सुरक्षित पातळी अशी होती, की मूल स्वतःचं वाक्य लिहूच शकत नसे, आधीच तयार केलेल्या वाक्यांतून एक निवडायचं. यात कोणाचा दोष काढायचा नाही. हजारो अनोळखी मुलं एकत्र येणार असतील तर पक्की हमी अशीच मिळते. पण तिची किंमत म्हणजे बोलणं. खेळात मुलांना सर्वांत प्रिय काय असतं? आरडाओरडा, चिडवाचिडवी, स्वतःच बनवलेले शब्द. गर्दीत ते धोक्याचं, म्हणून काढून टाकायचं. ओळखीच्या सात मुलांत ते धोक्याचं नसतं, म्हणून राहू देता येतं. शिवाय चाळण्या भाषेवर चालतात. मराठी शिवी रोमन अक्षरांत दहा तऱ्हांनी लिहिता येते आणि निरागस मराठी शब्द इंग्रजी यादीतल्या एखाद्या शब्दासारखा दिसला तर तोच अडकायचा. चुलतभावाला मात्र कळतं की हा शब्द लागला की नाही, आणि तो तिथल्या तिथे सांगतो.

मराठी मुलांच्या खेळात एक फार शहाणी सोय पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे: कच्चा लिंबू. धाकटं भावंड खेळायला हट्ट धरतं, त्याला नाही म्हणता येत नाही आणि बरोबरीचं धरलं तर ते रडणार. मग ते कच्चा लिंबू. धावेल, पकडेल, ओरडेल, पण त्याच्यावर राज्य येणार नाही. मोठ्या सर्व्हरला हे जमत नाही. तिथे नियम सगळ्यांना एकच, कारण कोण धाकटं हे ओळखणारं तिथे कोणी नसतं. लुआन्तीत प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे परवान्यांची यादी असते. ‘इंटरॅक्ट’ हा परवाना असला तरच जगातली वस्तू हलवता येते आणि ‘शाउट’ असला तरच गप्पांत लिहिता येतं. नवख्याला आपोआप मिळणाऱ्या परवान्यांची ओळ रिकामी ठेवली तर तो आत येऊन फक्त फिरू आणि बघू शकतो. पडल्याझडल्याची इजा बंद करता येते, एकमेकांना मारणं बंद करता येतं. एक अडचण मात्र आहे. इजा बंद केली की ती साऱ्या जगासाठी बंद होते, एका मुलापुरती नाही. सहा वर्षांच्या मुलीला राक्षस नकोत आणि अकरा वर्षांच्या दादाला त्यांच्याशिवाय मजा नाही, असं झालं तर त्याच पाटीवर दुसरं जग वेगळ्या वेळी चालू करणं हाच सरळ मार्ग. कच्च्या लिंबाची पूर्ण नक्कल यंत्राला येत नाही. पण धाकटीसाठी काय ढिलं सोडायचं हे ठरवणारा माणूस तिला ओळखतो, एवढं तरी साधतं.

नियम कोण ठरवतं हा प्रश्न वाटतो त्याहून खोल आहे. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी १९३२ सालच्या मुलांच्या नैतिक विचारावरच्या पुस्तकाची सुरुवात गोट्यांनी केली. जिनिव्हा आणि नोशातेल इथल्या मुलांना ते विचारत: हे नियम कोणी केले, ते बदलता येतील का? लहान मुलांना नियम वडीलधाऱ्यांकडून आलेले, म्हणून अभंग वाटत. दहा-अकराच्या पुढची मुलं म्हणत, सगळ्यांचं एकमत असेल तर बदलू शकतो. हा बदल उपदेशानं घडत नाही, बरोबरीच्या सवंगड्यांशी वाटाघाटी करत घडतो असं पियाजे यांचं म्हणणं होतं. त्यांच्या वयोमर्यादांवर पुढे बरीच चर्चा झाली, पण गोट्यांचा डाव पाहिलेल्या कोणालाही त्यातला गाभा पटेल. मोठ्या कंपनीच्या खेळात मुलाला नियमाशी वाटाघाट करायला जागाच नसते. नियम दुरून येतो, बदलतो तोही दुरून. घरच्या सर्व्हरवर ‘शनिवारी कोणाचंही घर फोडायचं नाही’ हा ठराव मुलंच करतात आणि यंत्रात तो घातला जातो, निदान भिंतीवर लिहिला तरी जातो.

घर फोडण्याचंच बघू, कारण अशा खेळात सर्वांत जास्त रडारड त्यावरून होते. एका मुलीनं चार दिवस खपून काचेचा मनोरा बांधला आणि पाचव्या दिवशी त्याच्या जागी खड्डा आहे. लुआन्तीत प्रत्येक बदलाची नोंद ठेवण्याची सोय आधीपासून चालू केलेली असेल तर तपास असा होतो: ज्याच्याकडे परवाना आहे त्यानं खेळात उभं राहून एक आज्ञा टाइप करायची आणि संशयित जागेवर मूठ मारायची. लगेच ओळी उमटतात. अमुक नावानं, इतक्या सेकंदांपूर्वी, काच काढली आणि तिथे हवा राहिली. सांगितल्याशिवाय ही आज्ञा मागच्या चोवीस तासांपुरतं बघते. दुसऱ्या आज्ञेनं त्या खेळाडूची मागच्या काही वेळातली सगळी कृत्यं उलटवता येतात, मनोरा ठोकळ्या-ठोकळ्यानं परत उभा राहतो. माझ्या मते पालकानं पहिली आज्ञा जरूर वापरावी, दुसरीला मात्र लगेच हात घालू नये. कोणी फोडलं हे सगळ्यांसमोर कळलं की रडीचा डाव उघडा पडतो आणि बहुतेक वेळा मुलंच ठरवतात की ज्यानं पाडलं त्यानं बांधून द्यायचं. पालकानं क्षणात सगळं पूर्ववत केलं तर ती वाटाघाट बुडते. दोघं मिळून पुन्हा काच वितळवायला बसतात तेव्हा जे घडतं, त्याला वेळ लागू द्यावा.

आक्षेप पुष्कळ आहेत आणि त्यातला पहिला बळकट आहे: मुलाचे मित्र जिथे आहेत तिथेच मूल जाणार. वर्ग सगळा एका प्रसिद्ध खेळावर असताना घरच्या सर्व्हरवर एकटं बसून कोणी किल्ला बांधेल का? नाही बांधणार. रिकामं अंगण कोणाला हवंय? म्हणून यंत्राच्या आधी मुलं गोळा करावी लागतात. मावस-चुलत भावंडं, इमारतीतली तीन-चार मुलं, वर्गातली एखादी जोडी, आणि एक ठरलेली वेळ. संध्याकाळी सहा ते सात म्हटलं की सहाला सगळे भेटतात, सातला यंत्र ठरवून दिल्याप्रमाणे बंद होतं आणि ‘अजून पाच मिनिटं’चा वाद एका घरात न होता सगळ्या घरांत एकदमच मिटतो. तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलं इथून बाहेर पडतील, तेही खरं. साधारण सात ते बारा या वयासाठीची ही जागा आहे आणि तेवढी वर्षं ती पुरली तरी पुष्कळ झालं. खेळ एकच असायला हवा असंही नाही. ‘सुपरटक्सकार्ट’ या मुक्त गाड्यांच्या शर्यतीत २०१९ पासून जाळ्यावरून एकत्र खेळता येतं. माइनक्राफ्टचा सर्व्हरही घरी चालवता येतो आणि त्यात परवानगी दिलेल्या नावांची यादी अंगभूतच आहे. मात्र तो मेमरी जास्त मागतो आणि प्रत्येक मुलाला विकत घेतलेला खेळ व खातं लागतं. लुआन्तीसाठी यातलं काहीच लागत नाही. जुन्या अँड्रॉइड फोनवरही ते चालतं आणि आत एकही दुकान नाही, रोज आलास तर बक्षीस असलं आमिषही नाही.

दुसरा आक्षेप जाणकार घेतात: घरातला सर्व्हर जगाला उघडा करणं म्हणजे घराच्या भिंतीला भोक पाडणं. ही भीती रास्त आहे, म्हणून ते भोक पाडूच नये. सगळी मुलं एका वायफायवर असतील तर काहीच करावं लागत नाही, खेळाची वाहतूक राउटरच्या बाहेर जातच नाही. मुलं वेगवेगळ्या घरांत असतील तर राउटरमध्ये दार उघडून देण्याचा जुना सल्ला आपल्याकडे तसाही बऱ्याचदा लागू पडत नाही. जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते जेमतेम सव्वाचारशे कोटी, ते कधीच पुरेनासे झाले आणि अनेक इंटरनेट कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात. अख्ख्या इमारतीला एकच पत्रपेटी असावी तसं. बाहेरून आलेलं पत्र कोणत्या मजल्यावर द्यायचं हे पेटीला कळत नाही. यावर बरा मार्ग म्हणजे खासगी बोगदा. ‘वायरगार्ड’ नावाची पद्धत २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. प्रत्येक मुलाच्या यंत्राला एक किल्ली दिली जाते आणि किल्ली नसलेल्यानं दार ठोठावलं तर आतून उत्तरच येत नाही. तिथे कोणी राहतं हेही त्याला कळत नाही. सामायिक पत्त्याची अडचण असेल तिथे नव्या पद्धतीचा लांब पत्ता वापरावा किंवा दोन्ही टोकांची गाठ घालून देणारी सेवा वापरावी. आणि सर्व्हरचं नाव जागतिक यादीत झळकवण्याची सोय बंदच ठेवावी.

बोगद्याचा खरा उपयोग दूरच्या भावंडांना होतो. मुंबई आणि न्यू जर्सी यांत सरळ अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे निरोप जाऊन उत्तर परत यायला निदान १२५ मिलिसेकंद लागणारच. केबली वळणावळणानं जातात म्हणून प्रत्यक्षात दोनशेच्या वर. गाड्यांच्या शर्यतीत हा उशीर रसभंग करतो. एकमेकांशेजारी घर बांधताना तो फारसा जाणवतही नाही. म्हणून दूरच्या भावंडांसाठी ठोकळ्यांचा खेळ आणि एकाच घरातल्यांसाठी शर्यत, अशी वाटणी करावी. तिकडे शनिवारची सकाळ साडेआठची असते तेव्हा इकडे संध्याकाळचे सहा किंवा सात वाजलेले असतात, वेळ दोन्हीकडे जुळते. लुआन्तीत आवाजाची सोय नाही, त्यामुळे कोणीतरी फोन लावून स्पीकरवर ठेवतं आणि मराठी-इंग्रजीच्या मिश्रणात ‘अगं इकडे ये, इथे कोळसा आहे’ असं सुरू होतं. परदेशात वाढणाऱ्या मुलाला मराठी बोलायला लावायचं तर आजीशी औपचारिक चौकशी फार पुढे जात नाही. कोळसा कुठे सापडला हे सांगायची घाई मात्र शब्द शोधायला लावते.

स्पीकरवरच्या या फोनातच तिसऱ्या आक्षेपाचं उत्तर सापडतं. आक्षेप असा: सर्व्हर पालकाच्या हातात म्हणजे पालकाला सगळं दिसणार. लुआन्ती मुलांच्या लेखी गप्पा नोंदवहीत लिहून ठेवू शकतं आणि ती वही उघडणं पालकाला अजिबात अवघड नाही. कंपनीची पाळत टाळायला गेलो आणि घरचीच आणून बसवली, असं होऊ शकतं. भारताच्या २०२३ सालच्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानं अठराच्या आतल्या प्रत्येकाला मूल मानलं आहे. मुलांचा माग काढणं, त्यांच्या वागणुकीवर नजर ठेवणं आणि त्यांना उद्देशून जाहिराती करणं यांना त्यानं बंदी घातली आहे. पण तोच कायदा व्यक्तीच्या घरगुती वापराला लागू होत नाही. घरच्या नोंदवहीत कोणी डोकावायचं हे कायदा सांगणार नाही, ते आपल्यालाच ठरवावं लागतं. इथे अंगणाचाच दाखला कामी येतो. स्वयंपाकघरातल्या आईला किंवा काकूला मुलांचा गलका ऐकू यायचा, शब्द नव्हे. गलक्याचा सूर बदलला, कोणी रडलं, किंवा अचानक फारच शांतता झाली की ती बाहेर यायची. फोन स्पीकरवर असणं हे त्या गलक्यासारखं आहे. नोंदवही रोज वाचणं हे मुलांच्या दप्तरातल्या चिठ्ठ्या वाचण्यासारखं. वही आहे हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगावं, तक्रार आल्याशिवाय ती उघडली जाणार नाही असा शब्द द्यावा आणि तो पाळावा. शिवाय इतर घरांतली मुलंही इथे येतात. त्यांच्या आईवडिलांना हे सगळं आधी सांगितलेलं असायला हवं.

एवढं सगळं करण्यापेक्षा मुलांना मैदानावर का पाठवत नाही, असंही विचारलं जाईल. पाठवावं, जरूर पाठवावं. मैदानाची जागा घेणारी ही गोष्ट नाही आणि तसा दावा करणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. पण मूल पडद्यावर काही वेळ खेळणारच आहे असं मानून चाललं तर तो वेळ कोणाच्या अंगणात जावा हा प्रश्न उरतोच. आणि हे जमवायला घरात कोणीतरी जाणकार लागतो, ही तक्रारही खरी आहे. पहिली मांडणी सुट्टीचा एक दिवस खाते आणि पुढे महिन्यातून एकदा नव्या आवृत्त्या घालाव्या लागतात. प्रत्येक घरी हे होणार नाही. दहा घरांत मिळून एक जाणकार असला तरी काम भागतं, कारण एक पाटी तेवढ्याच घरांसाठी आहे.

राहिली वीज. महाराष्ट्रात ती न सांगता जाते आणि ही पाटी असल्या धक्क्याला फार नाजूक. बहुतेक जण तिला मेमरी कार्डवर चालवतात. वहीत नोंद लिहिली जात असतानाच वीज गेली तर पान अर्धवट राहतं आणि कधी कधी कार्डच वाचता येईनासं होतं. शिवाय सतत लिहून लिहून कार्ड झिजतं ते वेगळंच. तेव्हा जग कार्डवर न ठेवता यूएसबीला जोडलेल्या एसएसडीवर ठेवावं, राउटरला लावतात तसली छोटी यूपीएस पाटीलाही लावावी, मात्र तिच्यातून ५ व्होल्टचा पुरवठा मिळतो ना हे बघून घ्यावं. आणि रोज खेळ संपला की जगाची प्रत काढावी. अख्खं जग म्हणजे एका फोल्डरमधल्या काही फाइली असतात: नकाशाची एक, खेळाडूंची एक, परवान्यांची एक. प्रत काढायच्या आधी सर्व्हर बंद करायचा, म्हणजे अर्धवट पान तिच्यात येत नाही.

क्लब पेंग्विन मार्च २०१७ मध्ये बंद झाला. त्याआधी २०१३ मध्ये डिस्नेचाच ‘टूनटाउन ऑनलाइन’ बंद झाला होता. तिथली घरं, सजवलेल्या खोल्या, जमवलेल्या वस्तू कंपनीच्या यंत्रावर होत्या आणि यंत्र थांबलं तसं ते सारं गेलं. घरच्या पाटीवरचा खेळही एक दिवस थांबणार: मुलं मोठी होतील, कोणी दुसऱ्या गावी जाईल, संध्याकाळी सहाला कोणी येईनासं होईल. तेव्हा सर्व्हर शेवटचा बंद करून तो फोल्डर पेनड्राइव्हवर घ्यायचा आणि जितकी मुलं खेळली तितक्या प्रती करायच्या. काचेचा मनोरा, त्याच्याशेजारचा पुन्हा बांधून दिलेला भाग आणि कुंपणापलीकडची कधीच न घडलेली जमीन, सगळं त्यात तसंच असतं. ज्याला हवं त्यानं आपल्या संगणकावर ते उघडावं.